उपाध्यक्षांचा फोन

फोन वाजला आणि टॉबिनसाहेब खुर्चीतून धडपडत उठले. त्यांच्या डॉक्टर वीणाने नाडी धरली, तर ती बेफाम धावत होती. असे धक्के हे म्हातारं हृदय फार दिवस सोसणार नव्हतं. आणि फोन कसला, तर गाडीच्या विम्याची जाहिरात.

साहेब एकेकाळी अमेरिकेचे उपाध्यक्ष होते. आधी गव्हर्नर, मग सिनेटर, मग सलग आठ वर्षं उपाध्यक्ष, म्हणजे अध्यक्ष अचानक गेले तर त्यांच्या खुर्चीत बसायचा माणूस. पुढे पक्ष अध्यक्षपदाची उमेदवारी घेऊन दारात उभा असताना त्यांनी हात जोडले आणि अ‍ॅशबर्नच्या घरी येऊन गुलाब लावत बसले. पेपरवाले अजूनही हळहळत की, मोठी खुर्ची हातची गेलेला हा माणूस. ज्यांच्या हाताखाली काम केलं ते अध्यक्षही केव्हाच वारले होते. साहेबांना आता त्यातलं काही आठवत नव्हतं. पण फोन वाजला की ते उठायचेच. फोन काढून ठेवला, तर दिवसभर घरभर शोधत फिरायचे.

त्यांची मुलगी क्लेअर रडकुंडीला आली होती. अध्यक्ष झालात, या एका फोनची जन्मभर वाट पाहिली डॅडनी, ती वीणाला म्हणाली. एकदा खोटं का होईना, सांगून टाक, म्हणजे जीव शांत होईल त्यांचा. वीणाला हे पटलं नव्हतं. पण त्या नाडीची तिला भीती वाटत होती. दुपारी पुन्हा रिंग वाजली तेव्हा तिने रिसीव्हर कानाला लावला.

"सर, व्हाइट हाउसचा फोन आहे. तुम्ही आता प्रेसिडेंट झालात."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे तो गेला?"

तो चेहरा पाहून वीणा हादरली. आई नागपूरला अंथरुणाला खिळली होती, तेव्हा अवेळी भारतातून फोन आला की तो उचलताना तिचाही चेहरा असाच व्हायचा. साहेबांचं फोनसाठी उठणं म्हणजे वाट बघणं नव्हतंच कधी, ती धास्ती होती. आपण भलतंच औषध देऊन बसलो, हे तिला कळलं.

"नाही सर, चूक झाली माझी," ती घाईघाईने म्हणाली. "प्रेसिडेंट ठणठणीत आहेत."

साहेबांनी डोळे मिटून कितीतरी वेळाने श्वास सोडला. मग तिचा हात घट्ट धरून ते कुजबुजले, "कुणाला सांगू नकोस, डॉक्टर. मला ते कधीच जमलं नसतं."