रिकाम्या चटया

तिने अंथरलेल्या चटया आजही तिलाच गुंडाळाव्या लागल्या.

ऑफिस नुकतंच सुटलं होतं. जेवणाच्या हॉलमधली टेबलं भिंतीला सरकवून तिने जागा केली होती. व्यायाम शिकवायला कंपनीने तिला नेमलं होतं, ते खास इथल्या लेकुरवाळ्या कर्मचाऱ्यांसाठी. दिवसभर खुर्चीला खिळलेल्या या बायकांनी घरी जाण्याआधी जरा हातपाय हलवावेत, एवढंच. तेही फुकट. तरी एक जण फिरकेल तर शपथ. दोघी दारातून डोकावल्या, गोड हसल्या आणि लिफ्टकडे पळाल्या.

हिशेब खात्यातल्या बाईला मात्र तिने जिन्यातच गाठलं. पाठ दुखते म्हणून सगळ्यांच्या आधी नाव दिलं होतं ते हिनेच. आज काय झालं, असं विचारल्यावर बाईने नेहमीचा पाढा वाचला. पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली, नवरा दुपारच्या शिफ्टला, मुलाला बघायला घरात कुणी नाही.

तिचं डोकंच फिरलं.

"मलाही लहान मुलगी आहे," ती म्हणाली. "मी नाही का येत? मनात असलं की सगळं जमतं."

पर्स खांद्यावर सरकवून बाई कठडा धरत, एकेक पायरी सांभाळत खाली उतरली.

मुलीला घ्यायला ती रोजच्यासारखी आईकडे गेली. आईच्या पुढच्या खोलीत निम्मी जागा शिलाई मशीनची आणि उरलेली कापडाच्या गठ्ठ्यांची. आई शाळांचे गणवेश शिवायची. वडील गेल्यावर याच मशीनवर तिने घर चालवलं होतं, लेकीला शिकवलं होतं. आताही ती शिवतच होती. नात शेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या आजीच्या मांडीवर डोकं टेकून झोपली होती.

चपला काढता काढताच तिने तोंडाचा पट्टा सुरू केला. या बायकांना पाठदुखी चालते, गोळ्या चालतात, फक्त अर्धा तास घाम गाळायला नको. स्वतःसाठी काही करायचं म्हटलं की सतराशे साठ सबबी. आपण तर बाई हात टेकले. आई ऐकत होती. शिवण संपली तसा तिने दोरा तोडला, नातीला जाग येणार नाही अशा बेताने एक पाय लांब केला आणि गुडघा चोळत राहिली.

"मग माझंच नाव घाल की," आई म्हणाली. "बसून बसून पायांची लाकडं झालीत. बाहेरची बाई चालत असेल, तर येईन मी उद्यापासून."

ती हसली. आई हसली नाही. लेकीच्या तोंडाकडे बघत ती उत्तराची वाट पाहत होती.

"अगं, तू कशी येणार?" ती बोलून गेली. "मग हिला कोण बघणार?"