निषादची जागा

निषादच्या रिकाम्या खोलीतला पडदा ठरावीक अंतराने किंचित हलायचा. तिथे माणसासारखा श्वास सोडणारं यंत्र होतं. वसाहतीत पाणी एकशेवीस माणसांपुरतंच. भिंतीतले संवेदक श्वासांवरून माणसं मोजत. श्वास थांबला की जागा दुसऱ्याला जाई. म्हणून परदेशी गेलेल्या लेकाची जागा हेमलताबाईंनी अशी राखली होती. दर दिवाळीला त्या म्हणत, "यंदा येईल."

यंत्राचं गुपित ठाऊक असलेली शेजारची गरोदर रेवती निरोप घ्यायला आली. येणाऱ्या बाळासाठी वसाहतीत जागा नव्हती.

"काकू, तुमचा निषाद शेजारी म्हणून गुणी हं, कधी घोरला नाही!" डोळे पुसत ती हसली.

हेमलताबाईंना हसू आलं नाही. त्यांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"सामान सोड, रेवती. निषाद आता येणार नाही. त्याची जागा तुझ्या बाळाला."