पहिली पसंती

काजवालीनं स्वतःच्या नावापुढे दोनचा आकडा घातला, खोडरबरानं पुसला आणि पेन्सिल दाताखाली धरून बसली.

पार्लमेंटची निवडणूक महिन्यावर आली होती. यंदा मतदानाचा नियमच बदलला होता, फुलीऐवजी आकडे घालायचे होते. सगळ्यात आवडत्या उमेदवाराला एक, मग दोन, मग तीन. हे काही केल्या कुणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी कटिंगमास्तर म्हणाले, आपल्याला देखरेखीला एक बाई हवीच आहे, तिलाच या पद्धतीनं निवडू. मालकानंही मान डोलावली.

शर्ट शिवणाऱ्या त्या खोलीत पाच जणी. कॉलरवाली, बाहीवाली, खिसेवाली आणि इस्त्रीवाली एकमेकींना पाण्यात पाहायच्या. काजवालीचं कुणाशीच वाकडं नव्हतं. पंधरा वर्षं ती कोपऱ्यात बसून मुकाट्यानं काजं करत होती. खोलीतल्या एकुलत्या एक पंख्याचा वाराही तिथवर पोचायचा नाही. ही जागा तिला मनापासून हवी होती. पण आपणच आपल्याला एक नंबर द्यायचा? लाजच वाटत होती बाईला.

अखेर तिनं डोळे मिटून एकचा आकडा घातला आणि चिठ्ठी बटणांच्या डब्यात टाकली.

मास्तरांनी चिठ्ठ्या उलगडल्या आणि हसू दाबलं. पाच जणी, आणि पाचही जणींनी स्वतःलाच एक दिलेला! बरोबरी झाली तर सोडत काढून एकीला बाद करायचं, असं ठरलंच होतं. बाद झाली कॉलरवाली. आता तिचं मत तिच्या दोन नंबरला जायचं, आणि तिथे होती काजवाली. मग पुन्हा सोडत, आणि बाद झाली बाहीवाली. तिचीही दोन नंबरला काजवालीच. झाली की पाचातली तीन मतं, निम्म्याहून जास्त! राहिलेल्या दोघींनी आपण होऊन सांगून टाकलं, आमचंही तेच.

सगळ्या पोट धरून हसल्या. कॉलरवालीनं तर चक्क बाहीवालीला टाळी दिली. काजवालीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

"तू स्वतःला एक दिला नसतास," मास्तर म्हणाले, "तर सगळ्यांच्या आधी तूच बाद झाली असतीस."

"मग बाईसाहेब, पहिला हुकूम काय?" खिसेवालीनं चिडवलं.

काजवालीनं कपाळावरचा घाम पुसला.

"आधी तो पंखा जरा इकडे वळवा."