पुढची होडी

"मान वर करा, चॅम्पियन. हललात आणि कापलं, तर माझी नोकरी जाईल," सिस्टर म्हणाली.

खुर्चीतल्या म्हाताऱ्याने निमूट हनुवटी वर केली. त्या वृद्धाश्रमात सगळे त्यांना चॅम्पियनच म्हणत. डॉक्टर म्हणत, स्वयंपाकी म्हणे, शेजारच्या खोलीतल्या आजी तर भांडतानासुद्धा तसंच म्हणत. चॅम्पियनना स्वतःला मात्र हल्ली फारसं काही आठवत नसे. ताट उचलल्यावर ते विचारत, "मी जेवलो का?" मुलगी भेटायला आली की कधी तिला जवळ घेत, कधी म्हणत, "आपण कोण?"

दाढी आटोपतेय तोच त्यांचा मित्र आला. उंच, पाठीत वाकलेला, हातात काठी. दर आठवड्याला तो न चुकता यायचा. सिस्टरने त्याच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"तुम्हीपण होड्या वल्हवायचात का हो?"

"होतो आपला ह्याच्या मागे मागे," मित्र म्हणाला.

सिस्टर हसून निघून गेली. चॅम्पियन खुर्चीत सावरून बसले.

"सांग."

"काय सांगू?"

"मी काय काय केलं ते."

मित्राने काठी भिंतीला टेकवली. "तळ्यावर तुझ्या वडिलांचं होड्या दुरुस्तीचं दुकान होतं. पहाटे आपण दोघं पाण्यात उतरायचो. तळहात असे सोलवटायचे की तुझी आई तुला घास भरवायची. आणि तू एवढा निर्लज्ज, की बरे झाल्यावरही भरवून घ्यायचास."

चॅम्पियन खुदकन हसले. "मग?"

"मग ऑलिंपिक आलं. एकट्याने वल्हवायच्या शर्यतीला एकालाच पाठवणार होते. चाचणीत शेवटी दोघं उरले, तू आणि आणखी एक. तू पुढे होतास. वल्हवताना आपली पाठ पुढे असते, त्यामुळे मागे पडलेलाच तेवढा दिसतो. तुला दिसलं की मागची होडी उलटली. पाणी बर्फासारखं, त्याचे पाय होडीतल्या पट्ट्यांत अडकलेले. पंचांची मोटारबोट लांब होती. तू होडी वळवलीस."

"वेडाच होतो."

"वेडाच," मित्र हळूच म्हणाला.

"वाचला का तो?"

"वाचला. चांगला म्हातारा झाला."

"आणि शर्यत?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. तू जिंकलास. मग ऑलिंपिकही जिंकलास." मित्राचा आवाज खाली गेला. "शेवटी शेवटी डोळ्यांपुढे अंधारी आली. तोंडात रक्ताची चव. सगळ्या होड्या मागे दिसत होत्या, एकूण एक. तरी तू जिवाच्या आकांताने वल्ही मारत राहिलास. पुढे आणखी एक होडी आहे, असंच तुला वाटत होतं."

"होती का?"

"नव्हती. ते पाण्यावर नुसतं भासत होतं."

चॅम्पियननी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मग पुढे?"

"पुढे काय, मिरवणूक, हारतुरे. गावोगावी शाळांमधून भाषणं. मुलं विचारायची, तुमच्या यशाचं रहस्य काय? तू म्हणायचास, मेहनत."

"आणि ती उलटलेली होडी? ती सांगायचो का मी?"

"नाही. कधीच नाही सांगितलीस."

"का रे?"

"लाज वाटत असेल."

"मला कसली लाज?"

मित्राने चॅम्पियनच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली, काठी घेतली आणि तो उठला.

बाहेर, दाराशी चॅम्पियनची मुलगी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने त्याला हाताला धरून बाकावर बसवलं.

"काका, तुमचा फोटो पेपरात आला की आई तो पेपर उलटा घालून ठेवायची. लहानपणी मी तिला कारण विचारलं, तेव्हापासून मला सगळं ठाऊक आहे. पाण्यात पडलात ते तुम्ही. तुम्हाला ओढताना बाबांचा खांदा निखळला. दुसऱ्या दिवशी त्यांना वल्हं उचलेना, म्हणून तुमची निवड झाली. पदक तुमचं आहे. मग इथे सगळ्यांना हे उलटं का सांगून ठेवलंत?"

मित्राने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"त्याला सगळं आठवत होतं, तेव्हा मला इथे यायला तोंड नव्हतं गं. एवढी भाषणं ठोकली. एकात जरी त्याचं नाव घेतलं असतं, तरी पुरलं असतं. उद्या घेऊ, उद्या घेऊ म्हणता म्हणता जन्म गेला." त्याने रुमालाने डोळे टिपले. "आता त्याची पाटी कोरी झालीय. तिच्यावर तरी त्याला जिंकू दे. माझ्याकडे त्याला द्यायला दुसरं आहे काय?"

तिने त्याला पायऱ्यांपर्यंत पोचवलं आणि ती खोलीत परत आली.

वडील खिडकीशी बसले होते. फाटकातून बाहेर पडणारी ती वाकलेली पाठ ते बघत होते.

"गेला?"

"हो, बाबा."

पाठ वळणाआड दिसेनाशी झाली, तसा त्यांनी दाबून धरलेला श्वास सोडला आणि सदऱ्याची वरची बटणं काढायला घेतली.

"ते मलम आण आणि खांदा चोळ जरा," ते म्हणाले. "त्याला पाण्यातून ओढला तेव्हापासून थंडी पडली की असा ठणकतो. त्याच्यासमोर कण्हलो, तर बिचारा यायचाच बंद होईल."