लांब ई

"आवाज लांब, तर ई लांब. ती दीर्घ ई. कळलं का?" नव्या बाईंनी विचारलं. दुसरीच्या वर्गाने छप्पर उडेल असा होकार दिला.

नव्या बाई अजून पुरत्या बाई झालेल्या नव्हत्या. शिक्षिका व्हायचं तर पहिलीपासून दहावीपर्यंत वाट्याला येईल त्या वर्गाला लिहायला शिकवून दाखवावं लागे. पाठ बघायला अध्यापक विद्यालयाचे सर मागच्या चिमुकल्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. गुणांवर अशी कात्री चालवत, की विद्यालयातल्या पोरींनी त्यांचं नावच कात्रीसर ठेवलं होतं. दहावीच्या वर्गाला निबंध शिकवण्याच्या पाठात त्यांनी बाईंना नापास केलं होतं, वर सुनावलं होतं, "चुका तेवढ्या टिपता. पोरं काय सांगतायत ते वाचा की!" आज पुन्हा नापास, तर वर्ष पाण्यात.

"आता आवडत्या माणसाला हाक मारा. पण कागदावर हं!"

बाई बाकांमधून फिरू लागल्या आणि एका चिंगीपाशी थबकल्या. तिने लिहिलं होतं, 'आईईईईईई'. ओळ संपली तरी पोरीची ई काही संपत नव्हती.

घ्या! आपलंच शिकवणं आपल्याच अंगाशी! बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं, पण पेन टेकवायच्या आधी विचारलं, "अगं, एवढ्या ई कशाला?"

"आई लांब गेलीये ना, कामाला. एका ईने कसं ऐकू जाईल?"

गुण गेले खड्ड्यात! बाईंनी टोपण लावून टाकलं.

"खरंय गं बाई तुझं. पुस्तकातल्या आईला एकच ई. हाक मारताना मात्र लागतील तेवढ्या. जा, फळ्यावर लिही."

चिंगी टाचा उंचावून लिहू लागली. सगळा वर्ग तिच्याबरोबर ई ओढू लागला. फळ्याची कड आली तशी ती थांबली आणि बाईंकडे बघू लागली.

बाईंनी भीतभीत मागे पाहिलं. सर बाकातून कसेबसे सुटून उभे राहिले होते.

"पोचली का गं हाक?" सरांनी विचारलं.

चिंगीने नाही म्हणून मान हलवली.

"मग भिंतीवर लिही की," सर म्हणाले. "पुसायचं मी बघतो."