म्पोला म्पोला

व्हिक्टोरिया सरोवरावरच्या ढगांत ते छोटं विमान शिरलं आणि त्याचं होकायंत्र बंद पडलं.

"मला काहीच दिसत नाही!" वैमानिक रेडिओवर ओरडला.

"मला तुम्ही दिसताय," एंटेबी विमानतळाच्या रडारसमोर बसलेली नाकिटेंडे म्हणाली. "मी म्हणेन तेव्हा वळा, मी म्हणेन तेव्हा वळायचं थांबा." तरी त्याची घाई जाईना, तेव्हा रेडिओवर इंग्रजीतच बोलायचा नियम मोडून ती घरच्या भाषेत बोलली, "म्पोला म्पोला." हळूहळू.

विमान सुखरूप उतरलं. तो आभार मानायला आला, तोवर तिची पाळी संपली होती. त्या दोन शब्दांपायी तिने साहेबांची बोलणी मात्र खाल्ली.

बारा वर्षांनी निवृत्त नाकिटेंडे बाजारातला रस्ता ओलांडायला उभी होती. एका डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी, दुसऱ्याला नुसतं धूसर. अंगावर आलेल्या मोटारसायकलवाल्यावर ती खेकसली, "म्पोला म्पोला, मेल्या! म्हातारी दिसत नाही का तुला?"

शेजारी कुणीतरी चालता चालता थबकलं. मग तिच्या कोपराला अलगद हात लागला.

"मला तुम्ही दिसताय, न्याबो," एक पुरुषी आवाज अदबीने म्हणाला. "मी म्हणेन तेव्हा चाला, मी म्हणेन तेव्हा थांबा."