पाच खुणा

बनावट नोटीस ओळखायच्या पाच खुणा प्रत्येक पत्रकात त्याच शब्दांत, त्याच क्रमाने आल्या पाहिजेत, यावर लुंबिनी चार वर्षं अडून बसली होती. इंटरनेटवरच्या फसवणुकीबद्दल तिच्या ऑफिसातून निघणारं मराठी साहित्य तीच तपासायची. कुणी एक शब्द जरी बदलला, तरी मजकूर परत. "लोकांना तोंडपाठ व्हायला हवं," म्हणायची.

त्या दिवशी बाबा सकाळपासून फोन उचलेनात, म्हणून ती अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून दिल्लीजवळच्या इंदिरापुरमला त्यांच्या घरी धावली. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले यशवंतराव इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर ताठ बसले होते. पडद्यावर खाकी वर्दीतला माणूस.

"कौन आया है?" त्याने दरडावलं.

"बाबा, बंद करा ते! अशी व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होते का?"

"हळू बोल गं." बाबांनी मोबाइलवर आलेली अटकेची नोटीस आणि फ्रिजवरून काढलेलं तिचंच पत्रक तिच्यापुढे सरकवलं. प्रत्येक खुणेसमोर, जन्मभर फायलींवर लिहिलं तसं, लाल पेनने लिहिलं होतं: आढळली नाही.

"ताडून पाहिलंय मी. पाचातली एकही नाही. खरीच आहे ती."

लुंबिनीने एकेक खूण नोटिशीशी ताडून पाहिली. तिचं पत्रक खरंच तोंडपाठ झालं होतं. बाबांना, आणि नोटीस लिहिणाऱ्यालाही.